न खणलेला खड्डा

तेरवीचं जेवण उरकून माणसं हात धुवायला उठली, तेव्हा प्रत्येक जण नळाकडे जाताना अंगणातल्या गाडीला चार हात लांबून वळसा घालत होता. पत्र्याच्या शेडखाली ती पांढरी गाडी तेरा दिवस जागची हलली नव्हती. चार्जर काढून ठेवलेला होता, मेन स्विच बंद होता, खांबावरून घराकडे येणारी तारसुद्धा सोडवलेली होती. शेजाऱ्यांकडून एक वायर ओढून दोन दिवे आणि एक पंखा तेवढा चालत होता. तरी माणसं भीत होती. भागवतराव ओसरीवर बसून ते बघत होते. आता भिऊन काय उपयोग, असं त्यांच्या मनात येत होतं. जिनं भ्यायला हवं होतं, तिला त्यांनीच सांगितलं होतं की भिऊ नको.

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज झाला आणि पाठोपाठ काजलचा.

"वैनी, राहू द्या तुम्ही. माह्या मायच्या नैवेद्याच्या ताटाले तुमचा हात नोको."

 सुचिता हात पुसत मागच्या दारी गेली आणि पायरीवर बसली. सोनाळ्याहून आलेली ही नणंद तेरा दिवस असंच बोलत होती, आणि तेरा दिवस सुचिता असंच उठून जात होती. पहिल्या दोन दिवसांत नात्यातल्या एकदोघींनी काजलला टोकलंही होतं. मग त्याही गप्प झाल्या. गावाचं एकदा ठरलं की ठरलं, आणि वडनेरचं ठरलं होतं: सुनेनं गाडी लावून ठेवली आणि सासू गेली.

भागवतराव म्हणजे या भागातला वायरमन. छत्तीस वर्षं नोकरी झाली. आसपासच्या बारा गावांत असा खांब नव्हता ज्याला त्यांचे पाय लागले नव्हते. वावधान, म्हणजे वादळ, सुटलं, तार तुटली, की लोकांना आधी मारुती आठवायचा आणि लगेच भागवतराव. निवृत्त झाल्यावरही विजेच्या कामाला दुसऱ्याचा हात लागला तर त्यांना तो आपला अपमान वाटायचा. सुनेनं मलकापूरच्या शाळेत जायला-यायला बॅटरीची गाडी घेतली, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त हरखले ते तेच. सुरुवातीला खिडकीतून वायर बाहेर ओढून गाडी चार्ज व्हायची. खिडकी उघडी राहून घरभर मच्छर व्हायचे, आणि एकदा त्या वायरीत पाय अडकून त्यांची बायको रुखमाबाई पडल्या. तेव्हा भागवतराव म्हणाले, "सूनबाईले रोजची कटकट नोको. म्या अंगनातच पॉइंट काढून देतो."

आणि काढला. शेडच्या लोखंडी खांबाला पाणी न शिरणारा डबा, त्यात जाड पॉइंट, घरापासून भिंतीतून पाइपात घातलेली तार. सुचितानं शाळेतून यायचं, गाडी लावायची, प्लग खोचायचा, झालं. काम असं देखणं की येणाऱ्या-जाणाऱ्याला ते झाकण उघडून दाखवायचे.

मग एक दिवस चार्जरचा दिवा हिरव्याऐवजी लाल लागायला लागला, गाडी चार्ज होईना, म्हणून मलकापूरहून गाडीचा फिटर आला. त्यानं मीटर लावून पाहिलं आणि मान हलवली. "काका, अर्थिंग धरत नाही. विहिरीकडचा तुमचा खड्डा जुना झाला, कोरडा पडला. इथं गेटजवळ नवा खणा, आठ फूट. तांब्याची पट्टी टाका, मीठ-कोळसा भरा, पाणी सोडत राहा. तोवर इथं चार्जर लावू नका." एवढं सगळं त्यानं कागदावर लिहिलं आणि गाडी सुचिताच्या नावावर म्हणून सहीसुद्धा तिचीच घेतली.

भागवतरावांच्या मनाला ते फार लागलं. "काल शिकला अन् मले अर्थिंग शिकवते!" असं ते दोन दिवस म्हणत राहिले. पण दिवा कोणाचं ऐकतो? चार्जर खोचला की लाल. सुचिताची सकाळची शाळा सुरू झालेली, मजूर सगळे कांद्याच्या काढणीत अडकलेले. "अखाजी झाली की खनू खड्डा," असं म्हणून त्यांनी काम अक्षय तृतीयेपुढं ढकललं. आणि दुपारी सुचिता शाळेतून यायच्या आत त्यांनी डब्याचे स्क्रू काढले, बोटाएवढी तार कापली आणि तिनं न्यूट्रल अर्थिंगला जोडून दिला.

वीज घरात फेजच्या तारेनं येते आणि न्यूट्रलच्या तारेनं परत जाते. अर्थिंगची तार वेगळी. कुठं चुकून करंट बाहेर पडला तर त्याला जमिनीत नेऊन सोडायचं एवढंच तिचं काम. ती धड नसेल तर चार्जर चालत नाही. पण परतीची तारच तिला बांधली की चार्जर फसतो, त्याला सगळं ठीक वाटतं. लोक सर्रास करतात हे. नोकरीत असताना असा जोड दिसला की भागवतराव घरमालकाला चारचौघांत शिव्या घालायचे, कारण परतीची तार कधी खांबाजवळ तुटली, तर परत जाऊ न शकलेली वीज त्याच जोडातून यंत्राच्या अंगात उतरते. हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

"मामाजी, खड्डा न करताच हिरवा कसा झाला हो?" सुचितानं विचारलं होतं.

"स्क्रू ढिले व्हते. कसले," ते म्हणाले होते.

ती खुशीत हसली होती. त्यांनाही बरं वाटलं होतं.

रुखमाबाईंना मात्र त्या गाडीची धास्ती. सडा टाकून झाला की तुळशीला आणि मग गाडीच्या पुढच्या चाकाला पाणी घालून कुंकू लावायचं, हा त्यांचा नेम. बैलगाडी होती तेव्हापासूनचा. पण प्लग खोचलेला असला की त्या लांबच उभ्या राहायच्या. त्यावर भागवतरावांनी तोड काढून दिली होती. "लाइन जाते का नाही सकायी? थ्या वक्ताले लाव कुंकू. लाइन गेल्यावर भ्यायचं काम नाही." तेव्हापासून त्या कुंकवाची कोयरी घेऊन लाइन जायची वाट बघायच्या.

त्या दिवशी सकाळी घरातला पंखा थांबला, दिवा गेला. रुखमाबाई "गेली बाप्पा एकदाची" म्हणत तांब्या घेऊन अंगणात उतरल्या. सडा ओला होता, पाय उघडे होते. भागवतराव ओसरीवर चहा पीत होते. समोरच्या पिठाच्या चक्कीचा आवाज त्यांच्या कानावर येत होता, आणि तरी त्यांच्या डोक्यात उजेड पडला नाही की चक्की चालू आहे म्हणजे लाइन गेलेली नाही, फक्त आपल्या घराची परतीची तार तुटली आहे. आदल्या दिवशीच्या वावधानात लिंबाची फांदी तारेवर घासत होती, हेही त्यांनी पाहिलेलं होतं. छत्तीस वर्षांचा अनुभव जागा व्हायला दोन घोट उशीर झाला. त्यापुढची चार-पाच मिनिटं ते आजवर मनातही येऊ देत नव्हते.

पाहुणे पांगले. तीनच्या सुमारास नारायणरावांनी सगळ्यांना बैठकीत बोलावलं. भागवतरावांचे हे थोरले भाऊ. वय पंचाहत्तर, पण घरातलं कुठलंही लग्न, कुठलंही भांडण यांच्याशिवाय मिटत नसे.

"चार वाजता थो इजेचा निरीक्षक येऊन राह्यला," नारायणराव म्हणाले. "परत परत इचारत बसन. एकदाचं लिहून देऊ, प्रकरन मिटवू. ज्ञानेश्वरा, वाच."

ज्ञानेश्वरनं, सुचिताच्या नवऱ्यानं, खिशातून घडी केलेला कागद काढला. अक्षर त्याचंच होतं. मलकापूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये तो कारकुनी करायचा, त्यामुळे मजकूर कसा लिहायचा हे त्याला बरोबर ठाऊक होतं. नवा खड्डा खणेपर्यंत चार्जर लावू नये असं फिटरनं मला लेखी सांगितलं होतं, त्यावर माझी सही आहे, तरीही मी गाडी चार्जिंगला लावत राहिले, त्यातून हा अपघात झाला, माझ्याविरुद्ध घरच्या कोणाचीही तक्रार नाही. खाली सुचिताचं नाव लिहून सहीला जागा सोडलेली होती.

"तक्रार नाही काऊन?" काजल उसळली. "माही हाये तक्रार. मोठे बाबा, तुम्ही इले वाचवून राह्यले."

"घरच्या सुनेले कोर्टात उभी करू का मंग?" नारायणराव म्हणाले. "तुही माय गेली, आता इच्या लेकराची माय घालवू? गप बस."

"मंग इनं या घरात राहू नये. थ्या अंगनात इनं रोज चालावं अन् आम्ही पाहावं? दादा, तूच सांग."

ज्ञानेश्वरनं आधी बायकोकडे पाहिलं, मग बहिणीकडे, मग जमिनीकडे. पहिले आठ दिवस तो बायकोच्या बाजूनं भांडला होता. मग गावात, जिनिंगमध्ये, जो तो त्याच्याकडे कीव करून पाहायला लागला आणि त्याचा आवाज खाली आला.

"काही दिवस माहेरी राह्यली त..." तो पुटपुटला, "वातावरन निवळन जरा."

सुचितानं नवऱ्याकडे पाहिलं. बाकी कोणाकडे नाही.

भागवतराव कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. बोलण्याची वेळ हीच, हे त्यांना कळत होतं. पहिल्याच दिवशी सुचितानं रडत रडत सांगितलं होतं, "मामाजींनी नीट केलं होतं ना, दिवा हिरवा व्हायचा." तेव्हा ज्ञानेश्वरनं विचारलं होतं, "बाबा, तुम्ही काही केल्लं व्हतं काय?" आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं, "म्या फक्त स्क्रू कसले." एवढंच वाक्य. ते एकदा बोलल्यावर दुसऱ्या दिवशी मागं घेणं अवघड झालं, तिसऱ्या दिवशी त्याहून अवघड. लोक भेटायला यायचे आणि म्हणायचे, भागवतराव, तुमच्यासारखा माणूस घरात असून असं व्हावं. ते मान खाली घालायचे, लोकांना ते दुःख वाटायचं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथं चांदणं असून कोणी वर बघत नव्हतं.

"द्या पेन," सुचिता म्हणाली.

सगळे चपापले. ती शांतपणे पुढं आली. "खरंच आहे ते. सही माझी होती. पहाटे साडेपाचला मीच प्लग लावला आणि अंघोळीला गेले. खड्डा झाला नव्हता हे मला माहीत होतं. मला वाटलं, हिरवा दिवा आहे म्हणजे झालं. मी शाळेत पोरांना शिकवते, आणि मलाच..."  तिनं कागदावर सही केली.

भागवतरावांनी ते पाहिलं. तिच्यावर कोणी जबरदस्ती केली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. पण तिला हे मनापासून खरं वाटत होतं. आपण सासूला मारलं असं समजून ती जगणार होती, रोज, म्हातारी होईपर्यंत.  तरी ते उठले नाहीत.

निरीक्षक कार्यालयाचा माणूस चारला दहा मिनिटं असताना आला. शिडशिडीत, चष्मा लावलेला, हातात रबरी हातमोजे आणि पिशवी. त्यानं आधी खांब पाहिला, मग मीटर, मग शेडखाली उकिडवा बसून डबा उघडला आणि बराच वेळ आत बॅटरी मारत राहिला. घरातले सगळे ओसरीच्या कडेला उभे होते.

"भागवतराव आपणच ना?" त्यानं उठत विचारलं. "आमच्या साहेबांनी सांगितलं, तुम्ही या लाइनवर होतात म्हणून. मग तुम्हालाच विचारतो. न्यूट्रल खांबावर तुटला, हे कळलं. पण नुसत्या त्यानं गाडीच्या अंगात करंट येत नाही. हो ना?"

"नाही येत," भागवतराव म्हणाले.

"साहेब, हा जबाब," नारायणराव घाईनं पुढं झाले. "आमच्या सुनेनं लिहून देल्ला हाये. तिची चूक तिले कबूल हाये."

त्या माणसानं कागद वाचला. सुचिताकडे पाहिलं. "बाई, खड्डा नव्हता तर चार्जर लाल दिवा दाखवायला पाहिजे. तो चालूच व्हायला नको. मग तो हिरवा कसा झाला?"

"मला नाही माहीत," सुचिता म्हणाली.

"या डब्याचे स्क्रू कोणीतरी नुकतेच उघडलेत. तुम्ही उघडले?"

ती गोंधळली. तिनं ज्ञानेश्वरकडे पाहिलं. तो कागदाकडे बघत होता. "नाही... म्हणजे आठवत नाही," ती म्हणाली, आणि भागवतरावांच्या लक्षात आलं की अजून दोन प्रश्न विचारले तर ती याचंही हो म्हणेल. जे आपल्यावर टाकतील ते उचलायची तिची तयारी झाली होती.

ते ओसरीच्या पायऱ्या उतरले. अंगणात आल्यावर त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून बोटाएवढी एक तार काढली आणि त्या माणसाच्या हातावर ठेवली.

"लिहा साहेब," ते म्हणाले. अपघाताचा अहवाल सांगताना लागायचा तोच त्यांचा जुना आवाज लागला. "पॉइंट म्या काढला. फिटरनं लावू नोका म्हनून सांगतलं व्हतं. खड्डा न खनता म्या न्यूट्रल अन् अर्थिंग या तारेनं जोडलं, चार्जर चालू व्हावा म्हनून. सूनबाईले सांगतलं का स्क्रू कसले. तिले काही मालूम नव्हतं. न्यूट्रल तुटला अन् गाडीत करंट उतरला. मयतानं हात लावला कारन मयताले म्याच सांगतलं व्हतं, लाइन गेल्यावर भिऊ नोको म्हनून."

 मग नारायणराव बोलले.

"साहेब, हे नोका लिहू. याचं डोकं ठिकानावर नाही. बायको गेली, तेरा दिवस झोप नाही याले. सुनेले वाचवाले बोलून राह्यला."

"हाव साहेब," ज्ञानेश्वर पटकन म्हणाला, "बाबा असं करूच शकत नाहीत. तुम्ही कोनालेही इचारा गावात."

सुचितानं हे ऐकलं. तिची सही असलेला कागद अजून त्या माणसाच्या हातात होता, आणि तिचा नवरा तो तसाच राहू द्यायला निघाला होता. ती ज्ञानेश्वरला काही म्हणाली नाही. फक्त त्याच्यापासून दोन पावलं बाजूला सरकली. काजल भिंतीला टेकून उभी होती. 

त्या माणसानं तार उलटसुलट करून पाहिली. तिची टोकं डब्यातल्या खुणांशी जुळवली. "बरोबर बसते," तो हळू म्हणाला. "पण पोलीस पंचनाम्याला आले तेव्हा ही इथं नव्हती. तुम्ही ही केव्हा काढली?"

"मेन बंद केला," भागवतराव म्हणाले. "त्याच्यानंतर."

"नंतर म्हणजे? अंत्यविधीनंतर?"

"नाही. लगेच."

सुचिता पुढं आली. तिचा पदर खांद्यावरून घसरला होता, तिनं तो सावरला नाही.

"मी बाथरूममधून पळत आले, तेव्हा तुम्ही या खांबापाशी होता, मामाजी," ती म्हणाली. "तुमच्या हातात पेचकस होता. मला वाटलं तुम्ही लाइन बंद करताय. सगळ्या गावाला मी तेच सांगितलं, मामाजींनी धीर धरून आधी लाइन बंद केली म्हणून."

भागवतरावांनी डब्याकडे पाहिलं.

"चार स्क्रू आहेत त्या डब्याला," ती म्हणाली. "आत्याबाई तिथं पडल्या होत्या. चाकाजवळ. तुम्ही आमच्या शाळेत आला होतात ना, सुरक्षा सप्ताहाला? पोरांना बाकावर झोपवून छाती दाबून दाखवली होती. करंट लागलेला माणूस लगेच मरत नाही म्हणाला होतात. पहिली चार मिनिटं सोडू नका म्हणाला होतात. मी फळ्यावर लिहिलं होतं ते."

"वैनी, बस करा," काजल म्हणाली, पण तिच्या आवाजात जोर नव्हता. तीही आता बापाकडेच बघत होती.

"मला एवढंच सांगा," सुचिता म्हणाली. "तुम्ही स्क्रू काढत होता, तेव्हा त्यांचा श्वास चालू होता का?"

निरीक्षकाच्या माणसानं लिहायचं थांबवलं. नारायणरावांनी तोंड फिरवलं. भागवतरावांनी चाकाजवळच्या त्या जागेकडे पाहिलं. तेरा दिवस त्यांनी तिकडे पाहिलं नव्हतं. 

"पाह्यलं नाही," ते म्हणाले.